विलीनीकरण नाकारलं, पगार पत्करला : एसटीच्या संपाचा प्रकरण अभ्यास

२७ ऑक्टोबर २०२१ रोजी एसटी कामगार संघटनांच्या संयुक्त कृती समितीने उपोषण सुरू केलं. मागण्या नेहमीच्याच होत्या. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वेतनवाढ आणि महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण. ही शेवटची मागणी अशा निवेदनांत वर्षानुवर्षं असते आणि वाटाघाटीला बसलं की सगळ्यात आधी तीच गळते. याही वेळी तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी २८ टक्के महागाई भत्ता आणि घरभाडे भत्त्यातली वाढ मान्य झाली. दिवाळी तोंडावर होती, संघटनांनी उपोषण सोडलं. आगारातले कामगार मात्र उठायला तयार नव्हते. नेत्यांनी खाली ठेवलेली मागणी चालक-वाहकांनी उचलली आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातली २५० च्या २५० आगारं बंद पडली.

पुढचे साडेपाच महिने काय घडलं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. आझाद मैदानावरचा ठिय्या, कामगारांच्या आत्महत्यांच्या बातम्या, हजारोंवर निलंबन आणि बडतर्फी, शाळा-कॉलेजला जाणाऱ्या पोरांचे हाल, वडापवाल्यांची चलती. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संप मिटला. हे सगळं कामगार चळवळीच्या अंगाने लिहिलं गेलं आहे, राजकारणाच्या अंगाने त्याहून जास्त. इथे मला वेगळ्या कारणासाठी त्याच्याकडे बघायचं आहे. सरकारचं महामंडळावर नियंत्रण असतं म्हणजे नेमकं काय असतं, आणि ते वापरताना सरकार कुठे उभं राहतं, हे या संपात जेवढं उघडं पडलं तेवढं कुठल्याही लेखापरीक्षण अहवालात पडलेलं नाही.

मालक कोण?

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली तेव्हा ती सरळसरळ सरकारी सेवा होती. १९५० साली केंद्राने मार्ग परिवहन महामंडळ कायदा केला आणि त्याखाली राज्यांनी आपापली महामंडळं उभी केली. हेतू चांगला होता. बससेवा सरकारी खात्याच्या लाल फितीत अडकू नये, तिला स्वतःचं संचालक मंडळ, स्वतःचा हिशेब, स्वतःचे निर्णय असावेत. म्हणूनच कायद्याचं कलम २२ सांगतं की महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा.

आता त्याच कायद्याचं कलम ३४ बघा. महामंडळाशी सल्लामसलत करून राज्य शासन त्याला सर्वसाधारण सूचना देऊ शकतं, आणि त्या सूचनांत भरती, सेवाशर्ती, प्रशिक्षण, वेतन, राखीव निधी, नफ्याचा विनियोग एवढं सगळं येतं. शासनाच्या आगाऊ परवानगीशिवाय महामंडळाला त्यातून बाहेर पडता येत नाही. अर्थसंकल्प मंजुरीसाठी शासनाकडे जातो. विनियम करायचे तर शासनाची पूर्वसंमती लागते. व्यवस्थापकीय संचालक शासन नेमतं, आर्थिक सल्लागार व मुख्य लेखा अधिकारीही शासनच नेमतं. लेखापरीक्षण भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. भाडं ठरतं राज्य परिवहन प्राधिकरणात. चौकशी लावणं, एखाद्या भागाचा ताबा घेणं, पार महामंडळ अधिक्रमित करणं (म्हणजे संचालक मंडळ बाजूला सारून कारभार हाती घेणं), या सगळ्यांसाठीही कलमं आहेत.

कलम २२ आणि कलम ३४ एकाच कायद्यात नांदतात ते सल्लामसलत या एका शब्दाच्या जोरावर. शासनाला सूचना द्यायची मुभा आहे, पण महामंडळाचं म्हणणं ऐकून. त्यासाठी महामंडळाला स्वतःचं म्हणणं असलं पाहिजे, ते मांडणारा माणूस सरकारच्या समोर बसला पाहिजे. महाराष्ट्रात अलीकडच्या काळात परिवहन मंत्रीच अनेकदा महामंडळाचा अध्यक्ष झाला आहे. मग सल्लामसलत कोणी कोणाशी करायची? मंत्री म्हणून पाठवलेली फाईल अध्यक्ष म्हणून स्वीकारायची, एवढाच तो उपचार उरतो.

२०२१ मध्ये अनिल परब परिवहन मंत्री होते आणि महामंडळाचे अध्यक्षही. संपाविरुद्ध न्यायालयात गेलं ते महामंडळ. न्यायालयाचा मनाई आदेश मोडला म्हणून अवमान याचिका केली तीही महामंडळाने. कामगार विलीनीकरण मागत होते ते सरकारकडे. म्हणजे कामगारांविरुद्ध फिर्यादी असलेल्या संस्थेचा प्रमुख आणि कामगारांच्या मागणीवर निर्णय घेणाऱ्या खात्याचा प्रमुख एकच. यात परबांचा व्यक्तिगत दोष नाही. त्यांच्या आधी दिवाकर रावतेही दोन्ही खुर्च्यांवर होते. १ जून २०१८ रोजी, एसटीच्या वर्धापनदिनी, रावत्यांनी ४,८४९ कोटींच्या वेतनवाढीची घोषणा केली होती. दर चार वर्षांनी होणारा वेतन करार मान्यताप्राप्त संघटनेशी बोलून व्हायचा असतो. ही घोषणा संघटनेची सही न होताच झाली आणि आठवडाभरात कामगार संपावर गेले. वेतनवाढ जाहीर झाली म्हणून संप, ही गंमत एसटीतच घडू शकते. पण कामगारांचा धडा पक्का झाला. पगार महामंडळ ठरवत नाही, मंत्री ठरवतो. मग महामंडळाच्या नोकरीत राहायचं कशाला, सरळ सरकारचेच होऊ या, हा २०२१ मधला हट्ट त्या धड्यातूनच आला होता.

समिती आणि तिचा अहवाल

८ नोव्हेंबर २०२१ ला उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार तीन सदस्यांची समिती नेमली गेली: मुख्य सचिव, वित्त विभागाचे अपर मुख्य सचिव आणि परिवहन विभागाचे अपर मुख्य सचिव. मुदत बारा आठवडे. समितीच्या रचनेकडे जरा थांबून पाहायला हवं. विलीनीकरण करावं की नाही याचा विचार कोणी करायचा, तर ज्यांच्या तिजोरीवर बोजा पडणार त्यांनी. तिघेही सरकारी अधिकारी. वाहतूक अर्थशास्त्र जाणणारा बाहेरचा कोणी नाही, महामंडळाच्या बाजूने बोलणारा कोणी नाही.

समिती काम करत असतानाच, २४ नोव्हेंबरला, सरकारने वेतनवाढ जाहीर केली. सेवा दहा वर्षांपर्यंत असेल तर मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांना ४,०००, वीस वर्षांच्या वर २,५००. नव्या भरतीच्या कामगाराचं मूळ वेतन १२,०८० वरून १७,०८० झालं, आणि भत्त्यांसह एकूण वेतन १७,३९५ वरून २४,५९४. वाढ ४१ टक्क्यांची. हे आकडे वाचताना आधीचा आकडा विसरू नये. रात्री मुक्कामी गाडी घेऊन तालुक्याच्या टोकाच्या गावात जायचं, गाडीतच किंवा देवळाच्या ओसरीवर झोपायचं, पहाटे पाचला पहिली फेरी काढायची, आणि महिन्याला १७,३९५. तेही वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून त्याच दिवशी दिलेलं दुसरं आश्वासन कामगारांच्या दृष्टीने रुपयांइतकंच मोलाचं होतं: पगार दर महिन्याच्या १० तारखेच्या आत होईल आणि त्याची हमी राज्य शासनाची.

हमी शासनाची, हे शब्द माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय आहेत. स्वतंत्र महामंडळाच्या कामगारांच्या पगाराची हमी सरकारने घेतली म्हणजे व्यावसायिक तत्त्वांचं कलम २२ त्या दिवशी बाजूला पडलं. पण त्याबद्दल ना विधिमंडळात चर्चा झाली, ना संचालक मंडळाने काही मत नोंदवल्याचं कोणी ऐकलं. पत्रकार परिषदेत घोषणा झाली आणि विषय पुढे गेला.

याच काळात सरकारने आपला दुसरा हातही वापरला. एसटी बंद म्हणून खासगी बस, स्कूल बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची तात्पुरती मुभा दिली. प्रवाशांची सोय करणं भाग होतं, त्याला पर्याय नव्हता. पण टप्पा वाहतुकीची (थांब्याथांब्यावर प्रवासी चढवत-उतरवत जाण्याची) मक्तेदारी एसटीला देणारं सरकार, तिच्या कामगारांशी वाटाघाट करणारं सरकार, आणि ती मक्तेदारी महिनोन्महिने सैल करणारं सरकार एकच होतं. संपकऱ्यांना हे समजलं नाही असं कसं म्हणावं?

समितीचा अहवाल ४ मार्च २०२२ ला विधिमंडळात मांडला गेला. महामंडळाचं शासनात विलीनीकरण करणं कायद्याच्या चौकटीत शक्य नाही. कर्मचाऱ्यांना शासकीय कर्मचारी मानून महामंडळाचा व्यवसाय शासकीय खात्यामार्फत चालवणंही शक्य नाही. मात्र वेतन वेळेवर व्हावं यासाठी शासनाने पुढची किमान चार वर्षं अर्थसंकल्पातून तरतूद करावी आणि त्यानंतर महामंडळाची आर्थिक स्थिती पाहून निर्णय घ्यावा.

कायद्याची अडचण खरी होती. १९५० चा कायदा केंद्राचा आहे, आणि महामंडळ गुंडाळायचं तर केंद्राची आगाऊ मान्यता लागते. पण अडचण अभेद्य नव्हती, कारण आंध्र प्रदेशाने दोनच वर्षांपूर्वी तिच्याभोवतून वाट काढली होती. तिथे कायदा करून १ जानेवारी २०२० पासून सार्वजनिक वाहतूक विभाग उभा केला आणि महामंडळाचे सुमारे ५२,००० कर्मचारी त्या विभागात घेतले. महामंडळ होतं तिथेच राहिलं. बस, आगारं, जमिनी त्याच्याच नावावर. आझाद मैदानावर आंध्रचं नाव सतत निघत होतं ते यासाठीच. तेलंगणाने २०१९ मध्ये ५२ दिवसांचा संप अंगावर घेऊन हीच मागणी धुडकावली, आणि २०२३ मध्ये स्वतःच तसा कायदा केला. तेव्हा महाराष्ट्राचा नकार कायद्याच्या भाषेत होता, कारण पैशाचं होतं. नव्वद हजारांवर कर्मचारी, त्यांची निवृत्तिवेतनं, आणि उद्या बाकीची महामंडळं रांगेत उभी राहिली तर? हा हिशेब चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तो तसा मांडला असता तर निदान त्यावर वाद घालता आला असता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठाने कामगारांना २२ एप्रिलपर्यंत रुजू व्हायला सांगितलं, आणि रुजू होणाऱ्यांवर बडतर्फीची कारवाई नको असं महामंडळाला बजावलं. बहुतेक जण परतले. विलीनीकरण नाही, पगार सरकारच्या तरतुदीतून. कामगारांना सरकारी दर्जा मिळाला नाही, सरकारला सरकारी पगाराचा बोजा चुकला नाही.

अर्ध्या तिकिटाचा प्रवास

संप मिटल्यावर नियंत्रणाची पुढची तऱ्हा सुरू झाली, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. मग ९ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात महिलांना अर्धं तिकीट जाहीर झालं आणि १७ मार्चपासून लागूही झालं. मधे आठ दिवस. गाड्या भरून धावू लागल्या. बायकांना माहेरी, बाजाराला, दवाखान्यात जायला मोकळीक आली, आणि हे मोठं काम झालं यात शंका नाही.

आता त्या अर्ध्या तिकिटाचं पुढे काय होतं ते पाहा. वाहक मशीनवर सवलतीचा प्रकार निवडतो, तिकीट निघतं, बाई अर्धे पैसे देते. ड्युटी संपली की वाहक वे-बिल (तिकीटविक्रीचा हिशेब) आणि रोकड आगारात भरतो. रोकड मोजली जाते; सवलतीचा अर्धा वाटा मात्र आकडा म्हणून पुढे जातो. आगारातून विभाग नियंत्रकाकडे, तिथून मुंबई सेंट्रलच्या मध्यवर्ती कार्यालयात, तिथून परिवहन विभागाकडे, मग वित्त विभागाकडे. तिथे तरतूद पाहून शासन निर्णय निघतो आणि प्रतिपूर्तीची रक्कम येते. डिझेलवाला असा थांबत नाही. टायरवालाही नाही.

तिकिटाच्या रकमेवर साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो, तो मात्र महामंडळाने सरकारकडे भरायचा. म्हणजे एका खिशात सरकार कर घेतं आणि दुसऱ्या खिशातून सवलतीचे पैसे उशिराने देतं. बरं, प्रतिपूर्ती मिळते ती सवलतीच्या तिकिटाची. रिकाम्या आसनाची मिळत नाही. आमदारांच्या पत्रावरून सुरू झालेली, चार प्रवासी घेऊन धावणारी फेरी कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि बंद केली तर पुन्हा पत्र येतं.

या साखळीत पगाराची हमीही गुंतली. पगारासाठीची मदत आणि सवलतींची प्रतिपूर्ती यांतली रेघ पुसट होत गेली. मंत्रालयातून महिन्याला जी रक्कम येईल तिच्यातून पगार. एप्रिल २०२५ मध्ये ती रक्कम मागणीपेक्षा बरीच कमी आली आणि कामगारांच्या खात्यात मार्चच्या पगाराचे ५६ टक्केच जमा झाले. उरलेले नंतर मिळाले. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्या आश्वासनावर कामगारांना कामावर परतायला सांगितलं गेलं, ते आश्वासन न्यायालयाने वाचवलं नाही, कायद्याने वाचवलं नाही आणि संचालक मंडळाने तर नाहीच. कारण ते कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

भाड्याचंही तसंच. २६ ऑक्टोबर २०२१ ला, उपोषणाच्या आदल्या दिवशी, १७.१७ टक्के भाडेवाढ लागू झाली होती. पुढची थेट २५ जानेवारी २०२५ ला, १४.९५ टक्के. डिझेल, टायर, महागाई भत्ता वाढला की भाडं किती वाढवायचं याचं हकीम समितीचं सूत्र महामंडळाकडे कित्येक वर्षांपासून आहे. सूत्र असताना तीन वर्षं वाढ नाही, आणि विधानसभा निवडणूक आटोपल्यावर दोन महिन्यांत एकदम. प्रस्ताव कधी पाठवायचा हे ठरवायला कुठलंही कलम लागत नाही.

आणि वेतनाचा निर्णय? सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या सुटायच्या वेळी, पुन्हा संप झाला. सह्याद्री अतिथीगृहावर मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यासोबत बैठक झाली आणि एप्रिल २०२० पासून मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ ठरली. २०१७ चा चार दिवसांचा संप दिवाळीतला, २०२१ चा दिवाळीतला, हा गणपतीतला. कामगारांनी कॅलेंडर बरोबर वाचलं आहे. महामंडळाशी बोलून काही मिळत नाही, सरकारची अडचण झाली की मिळतं.

खुर्ची रिकामी, मग सचिवांकडे, मग मंत्र्यांकडे

या सगळ्यावर कोणी म्हणेल, नियंत्रण आहे म्हणून निदान गैरव्यवहार तरी अडतात. त्याला दाखला १,३१० बसचा. २०२४ च्या उत्तरार्धात भाडेतत्त्वावर १,३१० बस घेण्याची प्रक्रिया झाली, तीन कंपन्यांना इरादापत्रं गेली. त्या दरांनी महामंडळावर सुमारे २,००० कोटींचा जादा भार पडेल असा आक्षेप आला, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी प्रक्रियेला स्थगिती देऊन चौकशी लावली. नियंत्रण इथे उपयोगी पडलं, हे मान्य करायला हवं. पण संचालक मंडळ, आर्थिक सल्लागार, मुख्य लेखा अधिकारी या सगळ्या चाळण्यांतून इरादापत्रं पार झाल्यावर मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर अडावीत, यात आतल्या चाळण्यांबद्दल काय समजायचं?

याच सुमारास अध्यक्षपदाचं जे झालं ते जास्त बोलकं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आमदार भरत गोगावले अध्यक्ष झाले. ते मंत्री झाल्यावर खुर्ची रिकामी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांना न देता परिवहन विभागाचे अपर मुख्य सचिव संजय सेठी यांना दिली गेली. वर्तमानपत्रांनी त्यात सत्तेतल्या दोन पक्षांची कुरघोडी वाचली. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, अध्यक्षपद सरनाईकांकडे आलं. सात-आठ महिन्यांत तीन अध्यक्ष: एक आमदार, एक सचिव, एक मंत्री. तिघांच्या पात्रतेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण सचिव असो की मंत्री, ज्याच्या खात्याने सूचना द्यायच्या त्यालाच त्या ऐकून घ्यायलाही बसवलं, हा भाग दोन्ही वेळा तसाच राहिला.

जून २०२५ मध्ये सरनाईकांनी महामंडळाची श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा १०,३२२ कोटी. मागच्या ४५ वर्षांत नफा फक्त आठ वर्षं. या तोट्यात सरकारने सांगितलेल्या फेऱ्यांचा वाटा किती, उशिरा आलेल्या प्रतिपूर्तीचा किती, अडवून धरलेल्या भाडेवाढीचा किती आणि महामंडळाच्या स्वतःच्या गलथानपणाचा किती, अशी फोड ताळेबंदात निघत नाही. गलथानपणा आहेच, मोडक्या गाड्या आणि ओस पडलेली बसस्थानकं कोणी मंत्रालयातून पाठवलेली नाहीत. पण फोड नसली की प्रत्येक जण आपल्याला हवा तो भाग दाखवतो. मंत्री महामंडळाकडे बोट दाखवतात, महामंडळ थकीत प्रतिपूर्तीकडे, कामगार दोघांकडे.

समितीने विलीनीकरण नाकारलं तेव्हा तिला आणखी एक शिफारस करता आली असती, आणि त्यासाठी केंद्राच्या परवानगीची गरज नव्हती. सरकारने जी सेवा, जी सवलत, जी फेरी सांगितली तिचा दर आधी लेखी ठरवायचा, पैसे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्यायचे, उशीर झाला तर व्याज, आणि कलम ३४ खालची प्रत्येक सूचना तिच्या खर्चासह विधिमंडळापुढे ठेवायची. अध्यक्षपदावर मंत्री किंवा त्याचा सचिव नको, एवढी एक ओळ त्यात जोडली असती तर सल्लामसलतीला समोरचा माणूस मिळाला असता. अहवालात चार वर्षांची तरतूद आली आणि पुढचा निर्णय आर्थिक स्थिती पाहून घ्यायचा असं म्हटलं गेलं. ती चार वर्षं २०२२-२३ पासून मोजली तर ३१ मार्च २०२६ ला संपतात. ती आर्थिक स्थिती कोणत्या निकषांवर पाहायची हे मात्र अहवालाच्या त्या शिफारशीत नाही.